तारामतीबाईंच्या पिवळ्या पेशी

जयपुरात तारामतीबाईंना न ओळखणारा मराठी माणूस एक तर नुकता बदलून आलेला असणार, नाहीतर त्यांची बोलणी खाऊन घरात लपलेला. यजमान रेल्वेत गार्ड, भुसावळचे. बाई कॉलेजच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन, पण हंगामी. दर मार्चला डॉक्टर पंडितांची सही झाली तरच पुढचं वर्ष.

सन पंच्याऐंशी. पंडितांना एकाच पेशीत दोन प्रथिनं एकदम बघायची होती, एक हिरवं, एक लाल. प्रत्येक प्रथिनाला हुडकून चिकटणारं प्रतिपिंड घालायचं, त्या प्रतिपिंडावर चमकणारा रंग चढवायचा, आणि सूक्ष्मदर्शकातून दोन्ही रंग एकाच फिल्मवर टिपायचे. फेब्रुवारीत फोटो धुऊन आला, तर पेशी पिवळीधमक! हिरव्या उजेडावर लाल उजेड बरोब्बर बसलेला.

"बाई, ही दोघं नवरा-बायकोसारखी एकाच जागी राहतात!" पंडित ओरडले. तासाभरात मावा कचोऱ्या वाटल्या गेल्या, दिल्लीच्या परिषदेला तार गेली.

बाईंनी दोन कचोऱ्या खाल्ल्या. पण नवरा-बायको इतकी चिकटून? सत्तावीस वर्षांच्या संसारात असलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी फ्रिज उघडून पंडितांनी न वाचताच वापरलेल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. दोन्ही प्रतिपिंडं सशाच्याच रक्तातली! आणि रंग बिचारे "सशाचं कोण?" एवढंच विचारून चिकटणारे. रेल्वे कॉलनीत "गार्डसाहेबांच्या बाई" अशी हाक मारली की चार दारं उघडतात, तसलीच गत.

खात्रीसाठी त्यांनी लाल प्रथिनाचं प्रतिपिंड न घालताच दोन्ही रंग लावले. लाल यायलाच नको होता. आला.

"मार्च होऊ दे, मतलब सही होऊ दे, मग बोल," यजमान म्हणाले.

"तोवर दिल्लीत त्यांचं हसं होईल त्याचं काय?"

सकाळी बाई थेट केबिनमध्ये. "डॉक्टर, तुमचं जोडपं नाहीच. प्रत्येकाला दोन्ही रंग लागलेत."

"आणि मी गावभर वाटलेल्या कचोऱ्या?"

"त्या खऱ्या होत्या."

दोन दिवस पंडितांनी बाईंना कामच दिलं नाही. बाईंनी घरी डबा भरताना नोकरी गेलीच असं धरलं. तिसऱ्या दिवशी पंडित स्वतः शेजारच्या विभागातून उंदराच्या रक्तातलं प्रतिपिंड आणि फक्त त्यालाच चिकटणारा लाल रंग मागून घेऊन आले. नव्या फोटोत पेशीभर हिरवे धागे, आणि लाल ठिपके केंद्रकात निवांत, वेगळेच बसलेले. पंडितांनी तासभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, दिल्लीला दुरुस्ती कळवली आणि बाईंच्या नोकरीचा कागद पुढ्यात ओढला.

"दोन वर्षांची एकदम करू का सही?"

"करा," बाई म्हणाल्या, "पण या वेळी आधी वाचून."