सरांना काढायचं की ठेवायचं

सेमीफायनलच्या उत्तरार्धात एका कॉर्नरवर दोन डोकी एकमेकांवर आदळली. मी साइडलाइनवर होते, तरी तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. समोरच्या संघातली मुलगी कपाळ चोळत उठली. आमची उठली नाही.

ती आमच्या बचावफळीचा कणा होती. बारवी धरणाच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरून यायची, बारावीत शिकायची, गरजेपुरतंच बोलायची. मी पाण्याची बाटली घेऊन धावले तेव्हा ती उठून बसली होती. डोळे उघडे होते, पण नजर कुठेच नव्हती.

"बरी आहेस ना?"

"हो ताई," ती म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "ताई, आपण कुठल्या गोलवर मारायचंय?"

मी हात वर करून सरांना खुणावलं, हिला बाहेर घ्या. सर मैदानात आले, तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी तिच्या हनुवटीला बोट लावून चेहरा वर केला.

"खेळशील?"

ती लगेच म्हणाली, "खेळीन सर."

"सर, तिला काही कळत नाहीये," मी म्हटलं. "गोल कुठला ते विचारतेय."

"तिला माझं कळलं ना? बास," सर म्हणाले आणि टाळी वाजवून त्यांनी तिला उभं केलं.

ती खेळली. शेवटच्या मिनिटांत आमच्या गोलरेषेवरून तिने एक चेंडू परतवला, आणि तोही डोक्यानेच. आम्ही जिंकलो, क्लब पहिल्यांदा फायनलला गेला. उल्हासनगरच्या त्या मैदानावर मुलींनी सरांना खांद्यावर घेतलं. ती मात्र पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती, आणि सोडलेल्या पुन्हा बांधत होती.

परतताना गाडी उल्हासनगरच्या बाहेरही पडली नसेल, ती खिडकीतून ओकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅच कधी चालू होणार?" गाडीतलं गाणं कोणीतरी बंद केलं. आम्ही तिथूनच गाडी वळवून तिला दवाखान्यात नेलं. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय, पूर्ण बरी होईपर्यंत खेळ बंद. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "मार लागल्यावर हिला पुन्हा खेळवलं कोणी?"

सर शेजारीच उभे होते. त्यांनी स्कॅनचा कागद घडी करून खिशात घातला. मी त्यांचं नाव घेतलं नाही.

सर कोण होते हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अंबरनाथला मोरिवलीजवळ, कारखान्यांच्या भिंतीला लागून असलेलं आमचं मैदान त्यांनी स्वतः दगड वेचून तयार केलं. शाळेतली नोकरी सांभाळून रोज सकाळी ते तिथे असायचे. मुलींचा फुटबॉल म्हटलं की लोक हसायचे, त्या काळात त्यांनी घरोघर जाऊन मुली जमवल्या. माझ्या बाबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. अर्ध्या चड्डीत मुलगी मैदानात दिसली तर गावी काय तोंड दाखवू, म्हणाले होते. सर पुन्हा आले, पुन्हा आले. शेवटी बाबाच मला मैदानावर सोडायला यायला लागले. मी त्यांच्या पहिल्या तुकडीची गोलकीपर. पुढे नोकरीला लागले, तरी संध्याकाळी त्यांची मदतनीस म्हणून उभी राहायचे. आम्हा सगळ्यांच्या लग्नांत, दहावी-बारावीत, बापांच्या आजारपणात सर होते. त्यांच्याविरुद्ध वाईट बोलणारा माणूस मला अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या तिन्ही गावांत भेटला नव्हता.

म्हणून मी आधी त्यांच्याशीच बोलायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर ते नेटच्या गाठी सोडत होते.

"सर, फायनलला ती नको."

"बघू."

"डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय."

"डॉक्टर सगळ्यांनाच घरी बसवतात. तुझं बोट मोडलं होतं तेव्हा तुला काय सांगितलं होतं त्यांनी? तू खेळलीस ना?"

"बोट वेगळं सर. हे डोकं आहे."

ते हसले, तेच त्यांचं माया असलेलं हसू. "अगं, मी माझ्या मुलींना ओळखतो. तिला बरं नसेल तर ती मला सांगेल."

रविवारी मी तिच्या पाड्यावर गेले. बदलापूरहून पुढे रिक्षा, मग थोडी चाल. तिची आई अंगणात भात वाळवत होती. पोर आतल्या खोलीत, दाराला चादर लावून पडली होती. मला बघून उठली आणि म्हणाली, "ताई, मी ठीक आहे. सरांना सांगा, मी मंगळवारी येते."

मी निघाले तेव्हा आई वाटेपर्यंत सोडायला आली आणि पोर ऐकत नाही याची खात्री करून म्हणाली, "त्या दिसापासनं तिला उजेड सोसत नाय. चुलीचा जाळ बगितला तरी डोसकं धरते. पुस्तक घेती नं ठेवती."

"मग सरांना का नाही सांगितलं? त्यांचा फोन आला होता ना?"

"आला व्हता. तीच बोलली. बरी हाय म्हनली." तिने पदराला हात पुसले. "सरांना तुमी पन नका सांगू बाय. त्यांनी लई केलंय तिच्यासाठी. त्यांना वाईट वाटंल."

परतीच्या रिक्षात माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. त्यांना वाईट वाटेल. आम्ही सगळ्याच जणी वर्षानुवर्षं तेच करत आलो होतो. ताप असला तरी नाही म्हणायचं, पाळीत पोट दुखत असलं तरी नाही म्हणायचं, कारण सरांचा चेहरा उतरलेला आम्हाला बघवत नव्हता. कडक माणसाला मुली घाबरून फसवतात. सरांना आम्ही प्रेमाने फसवत होतो, आणि त्यांना ते कधीच कळणार नव्हतं.

मंगळवारी ती खरंच आली. सरांनी तिला हलकं धावायला लावलं. मग चेंडू तिच्याकडे उंच फेकला. तिने डोक्याने परत दिला आणि क्षणभर डोळे घट्ट मिटले. सर "शाब्बास" म्हणाले. त्या दिवशी मी मैदानावरून थेट अध्यक्षांकडे गेले.

अध्यक्ष उल्हासनगरचे सिंधी व्यापारी, जीन्सचा कारखाना होता त्यांचा. फुटबॉल त्यांना फारसा कळत नव्हता, पण आमची एकही मॅच ते चुकवत नसत. माझं सगळं ऐकून त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"बेटा, तू सांगतेस ते मला समजलं. पण जिंकणारा घोडा कोण विकतो? आणि साईंसारखा माणूस. लोक आपल्या तोंडावर थुंकतील." सरांना ते आदराने साईं म्हणायचे.

"काढूच नका. फक्त एवढं बोला त्यांच्याशी की डॉक्टर म्हणतील तीच मुलगी खेळेल."

"ते कबूल करतील?"

मला उत्तर माहीत होतं.

बैठक शनिवारी त्यांच्याच कारखान्याच्या माळ्यावर ठरली. त्याआधीच बातमी फुटली. संघातल्या मुलींनी माझ्याशी बोलणं बंद केलं. मी सरावाला गेले की त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायच्या. एकीने मला ऐकू जाईल असं म्हटलं, "इनको खुद कोच बनना है." सरांनी ते ऐकलं आणि तिला दटावलं. मला ते जास्त लागलं.

शनिवारी आम्ही समितीचे पाच जण जीन्सच्या गठ्ठ्यांमध्ये खुर्च्या टाकून बसलो. अध्यक्ष, मी, मोरिवलीचे दोन जुने खेळाडू, ज्यांनी सरांसोबत मैदान तयार केलं होतं, आणि पालकांच्या वतीने आमच्या कॅप्टनची आई. ती बेलवलीत राहायची, बोलायला सडेतोड. खाली मशिनी चालू होत्या. त्यांची थरथर पायांना लागत होती.

मोरिवलीच्या दोघांपैकी थोरल्याने सुरुवात केली. "एका चुकीसाठी माणूस काढायचा? मग या क्लबमध्ये राहणार कोण?"

"चूक झाली म्हणून नाही दादा," मी म्हटलं. "ती पुन्हा होणार आहे म्हणून. पुढच्या रविवारी."

"पोर स्वतः खेळायला तयार आहे ना?"

"पोर सरांना नाही म्हणूच शकत नाही. तुम्ही तरी कधी म्हणालात?"

मी पाड्यावर जे ऐकलं ते सांगितलं. चादर, चुलीचा जाळ, सगळं. सांगू नका अशी विनंती होती हेही सांगितलं. कॅप्टनची आई तोपर्यंत सरांच्याच बाजूने होती. फोनवर मला म्हणाली होती, सरांना हात लावलात तर माझी मुलगी त्या क्लबात राहणार नाही. माझं बोलणं झाल्यावर ती उठली, कोपऱ्यात जाऊन मुलीला फोन लावला. हळू आवाजात काहीतरी विचारलं, बराच वेळ ऐकत राहिली आणि परत येऊन बसली. चेहरा पांढरा पडला होता.

मग सरांना वर बोलावलं. ते आले, सगळ्यांना नमस्कार केला, माझ्याकडे बघून मान हलवली. अध्यक्षांनी हात जोडले.

"साईं, आमची एकच विनंती. डॉक्टरने मना केलेली मुलगी फायनल खेळणार नाही. फक्त फायनल नाही, कधीच नाही. एवढं बोला, आम्ही चहा पिऊन घरी जातो."

सर खुर्ची ओढून बसले. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, हो म्हणू दे त्यांना.

"संघ मी निवडतो," ते शांतपणे म्हणाले. "पहिल्या दिवसापासून मीच निवडलाय. कोणाला खेळवायचं हे कागद बघून ठरवायचं असेल, तर माझं इथे काय काम?"

"सर, मुली तुम्हाला खरं सांगत नाहीत," मी म्हटलं.

"माझ्या मुली माझ्याशी खोटं बोलत नाहीत."

"बोलतात, सर," कॅप्टनची आई म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "माझी बोलते. तिचा गुडघा दिवाळीपासून सुजतोय. दर मॅचला गोळी खाऊन उतरते. मला आत्ता कबूल केलं तिने, तेही शपथ घातल्यावर. सरांना सांगू नको म्हणून रडली."

सरांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, आता ते मानतील. त्या क्षणी त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं असतं, तरी मी त्यांचे पाय धरले असते. पण ते उठले. "तुम्हाला जे ठरवायचं ते ठरवा," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

हात वर करून मत घेतलं. मोरिवलीच्या दोघांनी सरांना ठेवा म्हटलं. मी आणि कॅप्टनच्या आईने बदला म्हटलं. अध्यक्षांनी रुमालाने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "माझी नात पण खेळते ना खालच्या गटात," ते कोणालाच उद्देशून नव्हे असं म्हणाले, आणि त्यांनी आमच्या बाजूने हात वर केला.

फायनलला प्रशिक्षक म्हणून मला उभं राहावं लागलं, दुसरं कोणी नव्हतंच. अर्ध्या मुली आल्याच नाहीत. कॅप्टन गुडघ्याला पट्टी बांधून बाकावर बसली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. खालच्या गटातल्या मुली घेऊन आम्ही उतरलो आणि वाईट हरलो. प्रेक्षकांतून कोणीतरी सरांच्या नावाचा घोष सुरू केला. मी समोर बघत उभी राहिले. पाणी प्यायला वाकले तर रडू येईल अशी भीती वाटत होती.

पुढे अध्यक्षांनी डोंबिवलीचा एक तरुण प्रशिक्षक आणला. मुलगा चांगला आहे, शिकलेला आहे. मुली त्याला घाबरतही नाहीत आणि त्याच्यावर जीवही टाकत नाहीत. दुखलं तर सांगतात. पण क्लब त्यानंतर एकाही फायनलला गेलेला नाही, आणि मोरिवलीचा थोरला मला भेटला की दर वेळी त्याची आठवण करून देतो. मी त्याला काय सांगणार? तोही खोटं बोलत नाही.

सर आता बदलापूरला एका शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवतात. आमच्या बऱ्याच जणी तिकडे गेल्या. पाड्यावरची ती पोरही गेली. महिने लागले तिला बरं व्हायला, बारावीची परीक्षा तिने पुढच्या खेपेला दिली. पण उभी राहिली, आणि उभी राहिल्यावर पहिल्यांदा सरांकडेच गेली. जाण्याआधी तिने मला फोन केला होता. "ताई, राग मानू नका. मला त्यांच्याकडेच खेळायचंय." मी म्हटलं, खेळ. डोकं सांभाळ. ती हसली, आणि मग हळूच म्हणाली, "सर आता दर वेळी विचारतात, खरं सांग म्हणून. पण त्यांना कसं सांगायचं ते मला अजून नाही जमत."

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात सरांच्या पत्नी भेटल्या. मी चुकवून जाणार होते, पण त्यांनीच हाक मारली. माझा हात हातात घेऊन आईची, बाबांची चौकशी केली. सर मांडवाच्या पलीकडे पुरुषांच्या पंगतीत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि पुन्हा पानाकडे पाहिलं.

"काकू, ते माझ्याबद्दल काय म्हणतात?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलं.

"वाईट नाही बोलत गं कधी," त्या म्हणाल्या. जरा वेळाने पुढे म्हणाल्या, "काहीच बोलत नाहीत."