शेवटच्या गाडीचा दिवा

लोवेल ट्वाइटला डॉक्टरांनी ऑक्टोबरात कंपवात असल्याचं सांगितलं आणि नोव्हेंबरात त्याने आपल्या मोटारसायकलचं तोंड उतरवायला घेतलं. या दोन गोष्टींचा संबंध त्याने बायकोलाही सांगितला नाही. न सांगण्यात तो पहिल्यापासून पटाईत.

वय सदुसष्ट. गावच्या धान्यकोठारावर चाळीस वर्षं नोकरी, मूलबाळ नाही, चर्चमध्ये मागच्या बाकावर जागा. मिनेसोटाच्या त्या सपाट मुलखात त्याला मान होता तो एकाच कामाचा. रविवारी नऊ-दहा मोटारसायकलींचा ताफा निघाला की सगळ्यात पुढे रस हॉगन आणि सगळ्यात मागे लोवेल. कुणाची गाडी बंद पडली, कुणी घसरलं, तर थांबायचं ते शेवटच्याने. रस फक्त आरशात बघायचा. लोवेलचा दिवा दिसला म्हणजे सगळे आले. अकरा वर्षांत लोवेलने एकालाही रस्त्यावर सोडलं नव्हतं. एकदा तर गारांच्या माऱ्यात तो चाक पंक्चर झालेल्या एका गड्याजवळ दोन तास उभा होता, आणि तेवढ्या वेळात दोघं मिळून पाच वाक्यं बोलले असतील.

सप्टेंबरात कॉफीला थांबले असताना रस म्हणाला होता, "तुझा दिवा नाचतो रे हल्ली. सिग्नलला थांबलास की आरशात नुसती लुकलुक. हँडलचं बेअरिंग गेलंय बहुतेक."

"असेल," लोवेल म्हणाला आणि त्याने हात खिशात घातले.

बेअरिंग ठणठणीत होतं. त्याच्या गाडीचं फेअरिंग, म्हणजे दिवा, काच आणि घड्याळं बसवलेलं पुढचं कवच, हँडलबरोबर फिरणारं होतं. हँडल थरथरलं की तेही थरथरणार. दुसऱ्या प्रकारचं फेअरिंग गाडीच्या सांगाड्यालाच पक्कं करतात. हँडल कितीही हलो, दिवा जागचा ढळत नाही. अपघातात मोडलेल्या एका गाडीचं तसलं काळं फेअरिंग त्याने मिळवलं आणि गॅरेजात हीटर लावून कामाला बसला. डॉक्टरांकडे पुन्हा जायचं तेवढं राहिलं. पुरुषांना असलं काम सापडलं की झालं!

जुने बोल्ट निघाले. सांगाड्याच्या मानेवर नवी पट्टी बसली. फेब्रुवारीत कळलं की हँडल पूर्ण वळवलं की ब्रेकची दांडी नव्या कवचावर आपटते. मग हँडलही बदललं. अडलं ते वायरींपाशी. वायरींच्या टोकांच्या तांदळाएवढ्या पिना जोडणीच्या खाचांत दाबून बसवायच्या, आणि बोटं तर ऐकायला तयार नाहीत.

"खाली काय शोधतोयस?" त्याची बायको आर्डिस दारातून म्हणाली.

"पिन पडली."

"चौथी?"

"मोजत काय बसलीयेस?"

"मग काय करू, टाळ्या वाजवू? सरक." ती चष्मा चढवून स्टुलावर बसली. "रंग सांग."

"निळी. वरून तिसरी."

"हा सगळा खटाटोप खांद्याला वारा लागतो म्हणून, नाही का?"

"हो."

"खांद्याला."

"हो म्हटलं ना, आर्डिस!"

जुलैपासून त्याच्या बाह्यांची बटणं तीच लावत होती. तिने पिन दाबली, 'टक्' आवाज झाला, आणि पुढच्या वायरीसाठी हात पुढे केला.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी लाल गाडीला काळं तोंड लावून तो आला तेव्हा सगळे हसले. "कुणाला पुरायला निघालास?" असं एकाने विचारलंही. पण तासाभराने पहिल्या सिग्नलला रसने आरशात पाहिलं आणि अंगठा वर केला. लोवेलला बरं वाटलं. खरोखरच बरं वाटलं.

पुढे रेल्वे फाटकाशी रसची मुलगी केंड्रा, लोवेलच्या लगेच पुढे असलेली, गाडी बंद पडून रुळांच्या अलीकडे थांबली. लोवेलने ब्रेक दाबायचं ठरवलं. बोटांनी ते ऐकलं, पण आपल्या सवडीने. त्याचं चाक तिच्या नंबरप्लेटपासून वीतभर अंतरावर थांबलं.

केंड्रा मागे वळून हसली. "लोवेल, माझ्याच सीटवर बसायचं होतं का तुम्हाला?"

बाकी कुणी पाहिलं नाही. जेवायला थांबले तेव्हा रस त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बघ! दिवा कसा खिळल्यासारखा! बेअरिंगच होतं की नाही?"

गप्प राहायला एवढी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती.

"बेअरिंग नव्हतं," लोवेल म्हणाला. "कंपवात आहे मला. हँडल अजून हलतंच. दिवा तेवढा हलत नाही."

रसला समजायला वेळ लागला. "कधीपासून?"

"कळलं ऑक्टोबरात."

"आणि अख्खा हिवाळा तू हे... मला दिसू नये म्हणून केलंस?"

"हो."

"माझी पोरगी तुझ्या पुढे होती, लोवेल."

"म्हणूनच सांगतोय."

"मग सकाळी का नाही सांगितलंस?" रस एवढ्या मोठ्याने ओरडला की आत खिडकीपाशी बसलेली माणसं बघायला लागली.

शेवटचा गडी घालतो ते नारिंगी जाकीट लोवेल काढायला लागला. चेन सापडेना, सापडली तर धरता येईना. रस बघत राहिला. मग पुढे होऊन, लहान मुलाचा कोट काढावा तशी, त्यानेच चेन ओढली. जाकीट दुसऱ्या कुणाला तरी दिलं.

"चाळीस मैल आहे घर," तो म्हणाला. "माझ्या लगेच मागे राहा. हळू जाऊ."

ती जागा नवशिक्यांची. लोवेल तिथे मुकाट्याने चालवत राहिला. रसच्या आरशात त्याचा दिवा एवढासुद्धा हलत नव्हता. तरी रस घरापर्यंत दर दोन मिनिटांनी मान वळवून मागे बघत होता.