छातीवर बाबांचं नाव

घोटा मोडल्यापासून बाबांचा रोजचा फोन एकाच वाक्याने सुरू व्हायचा. "पाय कसा आहे?" माझी चौकशी त्यानंतर, जावयाची त्याहीनंतर आणि नातीची सगळ्यांत शेवटी. पाय म्हणजे आमच्याकडे राहायला आलेला कुणी आजारी पाहुणा असावा आणि पुण्यात बसून त्याची विचारपूस करायचं काम बाबांकडे असावं, असा सगळा थाट होता.

"बरा आहे," मी म्हणायचे. आणि पाय खरंच बरा होता. सायकलवरून येताना ओल्या पाचोळ्यावर घसरून पडले, उजव्या घोट्यात पट्टी आणि स्क्रू बसले, कुबड्या आल्या आणि गेल्या, हाड जुळलं. बरी नव्हते ती मी. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपच्या आमच्या घराचा जिना इथल्या सगळ्या जिन्यांसारखाच शिडीइतका उभा. तो उतरताना मी अजूनही कठडा घट्ट धरायचे, उजवं पाऊल आधी चाचपायचे आणि मग टेकवायचे. गाडीतून प्लॅटफॉर्मवर उतरताना तेच, ऑफिसात तेच. दिवसभर डोक्यात तो एकच पाय. मला पुन्हा पळायचं होतं हे खरं, पण त्याहून जास्त मला तो पाय विसरायचा होता. धडधाकट माणसाला चालताना पाय आठवत नाही, तितकंच मला हवं होतं.

पडण्याआधी एका संध्याकाळी, अंगात आल्यासारखी मी दोन शर्यतींना नाव नोंदवून बसले होते. एक युट्रेख्टची सोळा किलोमीटरची आणि दुसरी मास्ट्रिख्टची हाफ मॅरेथॉन. तेव्हा दोन्हींमध्ये चांगलं महिन्याभराचं अंतर होतं. पाय मोडल्यावर दोन्हीकडच्या लोकांनी मोठ्या मनाने माझी नोंदणी पुढच्या वर्षावर ढकलली, आणि पुढच्या वर्षी या दोन शर्यती लागोपाठच्या शनिवारी-रविवारी येऊन बसल्या.

"एक सोड," नवरा म्हणाला. तो सरळ माणूस आहे, त्याला सरळ उपाय सुचतात. पण मला दोन्ही हव्या होत्या. एक दिवस कुठलाही पाय ढकलगाडी करून काम भागवतो. दुसऱ्या दिवशी उठून तो पुन्हा कामावर हजर होतो का, हे मला बघायचं होतं. ते कळल्याशिवाय माझी भीती जाणार नव्हती.

फिजिओकडे गेले. ती उंच, शांत डच बाई. तिने घोटा सगळ्या बाजूंनी वळवून पाहिला आणि म्हणाली, "पळू शकतेस. पळावंस का, ते तू ठरव. शनिवारी हळू पळ. रविवारी सकाळी घोटा सुजलेला किंवा गरम असेल तर घरी जा." मला संतापच आला. पुण्यातले आमचे डॉक्टर "अजिबात नाही" म्हणून मोकळे झाले असते. मी मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनावले असते, आणि मीही सुटले असते. इथे पाय पेशंटचा, तर निर्णयही पेशंटच्याच गळ्यात.

बाबांना मी फक्त शनिवारचं सांगितलं. रविवारचं सांगायला जीभ रेटेना.

"पायात लोखंड घालून पळतं का कुणी?" ते म्हणाले.

"टायटॅनियम आहे, बाबा."

"मी आयुष्यात बससाठीसुद्धा धावलो नाही. काय अडलं माझं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते मोबाइलवर दिसतं म्हणे, माणूस कुठे पोचला ते. कसं बघायचं?"

मी त्यांना ॲप उतरवून घ्यायला लावलं. त्यात दोन्ही शर्यती दिसत होत्या. माझं नाव शोधा, शर्यत सुरू झाली की नकाशावर ठिपका सरकेल, एवढं सांगितलं आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी युट्रेख्टला पोचलो. तंबूतल्या मुलीने बिब हातात दिलं, म्हणजे छातीवर लावायचा तो नंबराचा कागद. इथे त्याच्यावर नंबराखाली ठळक अक्षरांत नावही छापतात, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांना हाक मारून उत्तेजन देता यावं म्हणून. माझ्या बिबवर बाबांचं नाव होतं.

चूक दुसऱ्या कुणाची नव्हती, माझीच होती. नोंदणीच्या पानावर नावाला दोनच रकाने होते. दहावीच्या परीक्षेपासून हाताला लागलेल्या वळणाने मी आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं नाव अशी भरत गेले. पहिल्या रकान्यात आधीची दोन मावली, उरलेलं तिसरं दुसऱ्यात गेलं, आणि बिबवर नि ॲपच्या यादीत नेमका तो दुसराच रकाना छापला गेला. लग्नानंतर नाव बदललं नसल्यामुळे तिसरं नाव बाबांचं. आणि दोन्ही शर्यतींचे फॉर्म मी त्याच संध्याकाळी, त्याच वळणाने भरले होते. नवरा हसून हसून कोलमडायचा बाकी राहिला. तंबूतल्या मुलीला म्हटलं, हे बदलता येईल का? ती म्हणाली, "आता नाही. पण छान आहे की नाव."

तिला काय सांगणार? हे नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. आई "अहो" म्हणते, ऑफिसात ते साहेब होते, सोसायटीत काका आहेत. मी स्वतः ते शेकडो वेळा लिहिलं असेल, पण मोठ्याने उच्चारल्याचं आठवत नाही. आणि त्या सकाळी कालव्याच्या काठी, विटांच्या गल्ल्यांमधून, अनोळखी माणसं ते घसा फोडून ओरडत होती. हातात कॉफी घेतलेल्या बायका, बाबागाडीवाले बाप, मिसरूड फुटायला आलेली पोरं, सगळे माझ्या बाबांना एकेरीत हाक मारत होते. "हुप!", म्हणजे इथलं "चल, पळ!", आणि पुढे त्यांचं नाव, शेवटचं अक्षर लांबवून. पहिल्यांदा मी इतकी दचकले की मागे वळून पाहिलं. नंतर हसू आवरेना. दहा किलोमीटरच्या पाटीजवळ माझी लेक उभी होती. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तरं डचमध्ये देते. ती दोन्ही हात हलवत ओरडली, "हुप, आजोबा!"

पण पळाले मात्र मी पायाकडे बघतच. पुढची वीट, पुढचं पान, पुढचा ओला पट्टा. शर्यत संपली तेव्हा पायापेक्षा मानच जास्त दुखत होती.

तिथूनच गाडी पकडून आम्ही मास्ट्रिख्टला गेलो आणि स्टेशनजवळच्या एका लहानशा हॉटेलात उतरलो. खोलीत पोचतो तोच बाबांचा फोन आला. आवाज खूश होता.

"पाय कसा आहे? शहाणी आहेस. पळाली नाहीस ते बरं केलंस. मी सारखं तुझं नाव टाकून पाहिलं, यादीत कुठेच नाही. म्हटलं, पोरीला अक्कल आली. मस्त झोप काढली दुपारी."

मी नावाचा सगळा घोटाळा सांगितला. पलीकडे मग खोल कुठूनतरी हसू सुरू झालं, आई मागून "काय झालं, काय झालं" विचारत राहिली आणि बाबांना बोलता येईना. "त्या पोरांनी मला नावाने हाक मारली?" त्यांनी दोनदा विचारलं. "फोटो पाठव त्या कागदाचा." ते इतके रंगात आलेले पाहून मी रविवारचंही सांगून टाकलं.

हसू बंद झालं. "म्हणजे उद्या पुन्हा? त्याच पायाने?"

"दुसरा कुठून आणू, बाबा?"

"वेड लागलंय तुला," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन आईच्या हातात दिला. आई म्हणाली, रागावलेत, आता बोलायचे नाहीत. ते चिडतात तेव्हा घाबरलेले असतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मीही घाबरलेलीच होते, फक्त माझ्याजवळ फोन द्यायला कुणी नव्हतं.

रविवारी सकाळी डोळे उघडल्यावर मी बराच वेळ पांघरूण काढलंच नाही. मग उठून बसले आणि दोन्ही घोटे शेजारी शेजारी ठेवून बघितले. हात लावला. उजवा गार होता. नवऱ्याला उठवून त्यालाही हात लावायला लावला. तो झोपेतच म्हणाला, "दोन्ही सारखेच आहेत." दोन्ही सारखेच. वर्षभरात माझ्या पायाबद्दल कुणी बोललेलं इतकं गोड वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन थोडी रडले आणि बिब लावलं. त्याच्यावरही अर्थातच बाबांचंच नाव.

हा देश सपाट आहे असं सगळे सांगतात. ते सांगणारे मास्ट्रिख्टला पळालेले नसतात. शहर मागे पडलं की चढ लागतो. चढाची मला धास्ती नव्हती. धास्ती उताराची होती. पंधरा किलोमीटरच्या पुढे तो आला, लांबलचक, झाडांच्या सावलीतला, आणि खाली पाचोळा. ओला. माझे पाय आपोआप थांबले. मी कडेला उभी राहिले आणि बाकीचे माझ्या बाजूने खाली जात राहिले. तेव्हा मनात आलं, की झालं, पुरे, एक शर्यत तर झाली. परत जायला तोंड वळवणारच होते.

उतारावर थोडं खाली घडीच्या खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, मांडीवर पातेलं आणि हातात डाव. तिने डोळे बारीक करून माझं बिब वाचलं आणि डाव पातेल्यावर आपटत बाबांना हाक मारली. गोड बोलून नव्हे, दरडावून. पंगत बसल्यावर अंगणात रेंगाळणाऱ्या माणसाला बोलवावं, तसं. ते नाव घेऊन त्या सुरात बोलायची आमच्या घरात कुणाचीच टाप नाही. मला फिसकन हसू आलं, आणि हसता हसताच मी निघाले. पहिली काही पावलं चाचपत टाकली. मग तिच्यासमोरून जाताना तिने पुन्हा हाक मारली, आणि तिच्याकडे बघून हात हलवायच्या नादात मी खाली बघायची राहिले. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. नदी दिसली, पूल आला, लेक ओरडत होती, नवरा फोटो काढत होता. एवढं आठवतं, की खूप छान वाटत होतं.

पदक गळ्यात पडलं, केळं हातात आलं, आणि फोन वाजला. बाबा. म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"उतारावर मी थांबलो का होतो?" ते म्हणाले.

"कोण थांबलं होतं?"

"मी! माझं नाव टाकलं, लगेच सापडलं. दुपारपासून बघतोय. चढ व्यवस्थित चढलो आणि उतारावर उभा! इकडे आई म्हणते, फोन बंद करा, जेवून घ्या. कसा जेवणार? मी तिथे उभा होतो ना. मग सुटलो एकदाचा. शेवटी तर चांगला पळालो, कितीजणांना मागे टाकलं." त्यांना धाप लागली होती. आयुष्यात बससाठीही न धावलेला माणूस, पण आवाज अगदी धावून आल्यासारखा. "आता ते पदक मला पाठवून दे."

"देते, बाबा."

मागून आईचा आवाज आला, "अहो, आधी तिचा पाय कसा आहे ते विचारा की!"

"अरे हो," बाबा म्हणाले. "पाय कसा आहे?"

मी खाली पाहिलं. चिखलाने माखलेले दोन बूट.

"कोणता?" मी विचारलं.