सहा काठ्या पाटासाठी मोरबी ते अळणावर

लोक सुट्टीत गोव्याला जातात. मी गाळ काढायला गेलो. कुणाला अशीच सहल करायची हौस असेल तर सगळं नीट लिहून ठेवतो.

मी मोरबीत टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर आहे. शिक्षण आठवी, तीही सरांच्या मेहेरबानीने. गाव धारवाड जिल्ह्यात, अळणावरच्या पुढे. दिवाळीआधी आईचा फोन आला. अप्पा गोठ्यात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ती त्यांना सोडून हलू शकत नाही आणि पाट साफ करायचा दिवस आठवड्यावर आलाय. आमच्या तळ्याचा कायदा असा, की ज्या घराचं फावडं पाटात पडत नाही त्या घराला त्या फेरीत पाण्याची पाळी नाही. मी शहाणपणा केला. म्हटलं, मजूर लावा, पैसे फोनवरून टाकतो. त्यावर नीरगंटी बसप्पाअण्णांचा, म्हणजे तळ्याचं पाणी वाटणाऱ्या माणसाचा, निरोप आला: "फोनला फावडं धरता येत असेल तर फोन पाठव." भात पोटरीला आलेलं. आता पाणी चुकलं की दाणा भरत नाही, नुसता पेंढा. निघालो.

मोरबीहून बसने राजकोट, तिथून पुणे, पुण्यात गाडी बदलून अळणावर. जनरल डब्यात झोपायला जागा एकच, आपले गुडघे. तिथं झोप अशी लागली की अळणावर गेलं, धारवाड गेलं, जाग आली ती थेट हुबळीला. याला चूक समजू नका. हुबळीत गिरमिट, म्हणजे कांदा-मसाला कालवलेले चुरमुरे, मिळतं, सोबत मिरची भजी. पन्नासच्या आत पोट आणि डोळे दोन्ही भरतात. तिथून धारवाडला एसी बस. विद्यानगरात कॉलेजची पोरं चढली आणि कानात बोंडं घालून मोबाइलशी हसत बसली. धारवाडहून पुढची बस लाल. बायकांना तिकीट फुकट, म्हणून त्या बसलेल्या. आम्ही तिकीट काढलेलं, म्हणून उभे. एका अक्काला माझी दया आली. म्हणाली, "रिकामाच उभा आहेस न्हवं? ही पिशवी धर की." रस्ता झकास आहे. जिथं आहे तिथं.

दुसऱ्या दिवशी उजाडता चाळीस घरांची चाळीस फावडी पाटावर. बसप्पाअण्णांकडे डोक्याहून वीतभर उंच काठी असते, तिनं ते जमिनीप्रमाणे प्रत्येकाचा तुकडा मोजतात. आम्हाला सहा काठ्या. आणि गंमत म्हणजे कुणाचाच तुकडा स्वतःच्या शेतापुढे नसतो. आमचा वरच्या अंगाला, सोमण्णाच्या शेतापुढे. म्हणजे मी राबायचं आणि सोमण्णाने बांधावर पान खात बघायचं. त्याचा तुकडा खाली कुठंतरी, तो त्यानं कधीच संपवलेला.

मी ईर्ष्येला पेटलो. मोरबीचा माणूस म्हणजे काय ते दाखवायचं! दुपारपर्यंत असा खणला, की दोन्हीकडच्या तुकड्यांपेक्षा हातभर खोल. कडा भिंतीसारख्या. फोटोही काढला.

मग परीक्षा. बसप्पाअण्णांनी तळ्याची मोरी बोटभर उघडली, पाण्यावर भाताचं एक काड सोडलं आणि त्याच्या बरोबरीनं चालू लागले. काड ज्याच्या तुकड्यात थांबेल तो नापास. काड माझ्या तुकड्यापर्यंत आलं, आत पडलं आणि तिथंच गोल गोल फिरत बसलं. पाणी भरतंय, पुढं काही सरकत नाही.

बसप्पाअण्णांनी काठी आत उभी केली. "काय खणलंस रे?"

"पाट."

"ही विहीर आहे. रहाट बसवायचा बाकी आहे."

मोरी बंद. आता खाली सगळ्यांचं पाणी माझ्यामुळे अडलेलं, आणि दिवस मावळेपर्यंत तुकडा पास नाही तर आमची पाळी गेली. शिवाय दुसऱ्याच्या तुकड्याला कुणी फावडं लावायचं नाही, हाही कायदाच. म्हणजे एकोणचाळीस माणसं बांधावर बसून बघणार आणि मी एकटा खड्डा भरणार. ओली माती काढण्यापेक्षा घालणं अवघड, हे तेव्हा कळलं. टाकली की पायाखाली लोण्यासारखी पसरते.

मदत बंद, सल्ला मात्र मोफत.

"निधान, निधान! हळू. पेढा नाही वळायचा."

"अगोदर खडी टाक की रे."

"मोरबीत उलटं फावडं धरतात काय रे?" हा सोमण्णा.

"तुझ्या शेतापुढचंच काम आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर जिवावर बेतलंय माझ्या. पायानं दाब, पायानं! बोटं रुतव."

त्याचं ऐकलं. थर टाकला, तुडवला, परत टाकला. तळहातांची कातडी कधी गेली कळलं नाही. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला तेव्हा अण्णांनी दुसरं काड सोडलं. माझ्या तुकड्यात ते जरा दमलं, वळलं, आणि मग डुलत पुढं गेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आपापल्या शेताकडे पळाले. सोमण्णाने तेवढी पानाची डबी पुढं केली.

आमची पाळी नवव्या दिवशी, माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी. पाणी बघायला थांबता आलं नाही.

मोरबीत आमच्या खोलीवर अठरा माणसं, नळ एक. मी ऐटीत पाळीचा कागद लावला. संध्याकाळी त्यावर कुणीतरी फाफडा खाल्ला. चाळीस घरांना बांधावर बसवायला काय लागतं, ते कागदात नसतं बहुतेक.

अकराव्या दिवशी अप्पांचा फोन आला. "लागलं पाणी. चारही वाफे भरले. दाणा धरतोय."

"आणि माझा तुकडा?"

"चांगला आहे," अप्पा म्हणाले. मग हसू आवरेना त्यांना, खुबा दुखत असतानाही. "सोमण्णाची म्हैस रोज तिथंच बसते. उठवली तरी उठत नाही म्हणे."