केनचं रिव्हॉल्वर आणि देवघरातली किल्ली

अडुसष्टाव्या वर्षी माणसानं काय घ्यावं? गुडघ्याला पट्टा घ्यावा, कानाला मशीन घ्यावं, फार तर बागेत बसायला एक बरीशी खुर्ची घ्यावी. पण आमचे डॉक्टर हरीश वाकणकर गेले तीन आठवडे एका रिव्हॉल्वरपाशी अडून बसले होते. तेही साधंसुधं नव्हे, चव्वेचाळीस मॅग्नम, म्हणजे जबर दणक्याचं. घ्यावं की नको, या विचारात त्यांनी दोनदा चहात मीठ घातलं, आणि एकदा तर तो चहा पिऊनही टाकला.

इंग्लंडात कसलं आलंय रिव्हॉल्वर, असं कुणीही म्हणेल. खरंय, खिशात मावणारी पिस्तुलं इथं केव्हाच बंद झाली. पण नळी फूटभर लांब असली, मुठीमागे लोखंडी दांडा जोडून सगळं मिळून दोन फूट भरलं, आणि पोलिसांच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे परवान्यावर, त्याची नोंद झाली, तर क्लबात नेमबाजी करायला ते बाळगता येतं. दिसायला मात्र अगदीच विचित्र. झाऱ्याला कुणी चाप बसवावा, तसं.

हे रिव्हॉल्वर होतं केनचं. केन म्हणजे क्लबातला म्हातारा मित्र, जन्मभर कारखान्यात हत्यारं घडवलेला. आता त्याच्या डोळ्यांनी दगा दिला होता. समोरचा टार्गेटचा कागद त्याला दिसायचा, पण कागदाचा मधला भागच गायब. "डॉक, तूच घे," तो म्हणाला. "परक्याच्या हातात द्यायला जीव होत नाही." डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर ते चढवण्यासाठी अर्ज तर करून टाकला. त्याची चौकशी करायला पोलिसांच्या बाई गुरुवारी घरी येणार होत्या. म्हणजे काय ते गुरुवारच्या आत ठरवणं भाग होतं.

डॉक्टरांची सगळी हयात बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलांत गेली. मिरजेहून आले आणि एकतीस वर्षं भूल देत राहिले. हजारो लोकांना झोपवलं, वेळेवर उठवलं, आणि स्वतः मात्र कधी धड झोपले नाहीत. रिटायर झाल्यावर झोपेन म्हणाले होते. कसलं काय! रिटायर होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच सुमेधाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, विसरायला लागल्या. कौन्सिलच्या लायब्ररीत पंचवीस वर्षं काम केलेली बाई. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, हे डोळे मिटून सांगायची. ती एक दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातून परत येताना स्वतःचं घर विसरली.

त्याला आता चार वर्षं झाली. उठवायचं, आंघोळ घालायची, साडीचा हट्ट धरला की निऱ्या करून द्यायच्या, गोळ्या द्यायच्या, गोळी गालात लपवली तर काढून पुन्हा द्यायची. आणि दिवसातून चाळीस वेळा एकच प्रश्न, "अहो, सान्वी शाळेतून आली का?" सान्वी पस्तीस वर्षांची. ती ग्लासगोला हॉस्पिटलात नोकरी करते. पहिल्या वर्षी डॉक्टर हे समजावून सांगायचे. दुसऱ्या वर्षी चिडायचे. आता नुसतं म्हणतात, "येईल हं इतक्यात."

फक्त बुधवार तेवढा त्यांचा. बुधवारी दहा ते एक सुमेधाताईंना सांभाळायला केअरर यायची, स्वाती. मूळची नागपूरची, गोड बोलणारी पोरगी. ती आली की डॉक्टर आपली बावीस बोअरची हलकी रायफल पिशवीत घालून क्लबात जायचे. तीन तास. हे तीन तास नसते तर त्या माणसाचं काय झालं असतं, देव जाणे. मी त्यांना जवळून ओळखतो, म्हणून सांगतो.

केनचं रिव्हॉल्वर त्यांनी एका बुधवारी क्लबात चालवून बघितलं. सहा गोळ्या. पहिली उडाली तेव्हा कानावर आवाज अडवणारे मफ असूनही छातीत धाडकन हादरा बसला, नळी थेट छताकडे गेली, आणि अंगठ्याच्या मुळातून अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हुशार माणसानं तिथंच हात जोडले असते. त्यांनी उरलेल्या पाचही उडवल्या. कारण पहिल्या गोळीनंतर काही क्षण त्यांच्या डोक्यात काहीसुद्धा उरलं नव्हतं. सान्वी शाळेतून आली नव्हती, गोळी गालात लपली नव्हती, गॅस बंद केला की नाही हा प्रश्न नव्हता. चार वर्षांत असं रिकामं डोकं त्यांना लाभलं नव्हतं. मग तीन दिवस त्या हातानं कणीक मळता येईना, तो भाग वेगळा.

सान्वीला फोनवर त्यांनी विचारलं. ती इथंच जन्मलेली, तिचं मराठी मोडकं, पण तिच्यासारखंच सरळ. "बाबा, ऑनेस्टली, तुझा हात आधीच दुखते. एवढी मोठा गन कशाला? तू फक्त टायर्ड आहेस. हॉलिडेवर जा ना."

"आईला कुठं ठेवू?"

"मी येते ना, बाबा. ख्रिसमसला नक्की येते."

आता किल्लीचं सांगतो, कारण सगळं पुढचं त्या किल्लीनंच केलं. इथला नियम कडक आहे. बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसं त्यातच वरच्या कप्प्यात, आणि किल्ली कुठं आहे ते फक्त सर्टिफिकेटवाल्याला ठाऊक. बायकोलासुद्धा नाही. डॉक्टर किल्ली कमरेला बांधायचे. पण सुमेधाताईंना टबमधून उचलताना ती त्यांना टोचायची, त्या ओरडायच्या. म्हणून डॉक्टरांनी फार डोकं चालवलं आणि किल्ली देवघरात ठेवली, अन्नपूर्णेच्या खाली, तांदळाच्या वाटीत. चोर आलाच तर तो अन्नपूर्णेखाली कशाला बघेल? आणि सुमेधाताईंनी दोन वर्षांत देवांना हात लावला नव्हता. बिनतोड जागा! एकतीस वर्षं औषधांचे डोस मोजणारा माणूस, पण सणासुदीला मराठी बाई देव घासायला काढते, एवढं त्याच्या लक्षात आलं नाही.

खंडेनवमी बुधवारी आली. पूर्वी त्या दिवशी डॉक्टर स्वतः रायफल काढून पाटावर ठेवायचे, सुमेधाताई हळदकुंकू वाहायच्या, की लगेच ती परत कपाटात. गेली दोन वर्षं ते बंदच पडलं होतं. यंदा तर डॉक्टरांना नवमी आहे हेही आठवलं नाही. केनला शेवटचं उत्तर द्यायला, आणि खरं सांगायचं तर अजून एकदा त्या सहा गोळ्या उडवायला, स्वाती येताच ते निघाले. रायफल घरीच राहिली.

एकला परतले तर दारातच स्वाती, चेहरा फुललेला. "काका, आज काकू काय छान आहेत माहितीये! देव घासले, सगळी पूजा स्वतः केली. माझ्याकडून बागेतली फुलं मागून घेतली. मी आपली मसालेभाताचं बघत होते."

"कसली पूजा?"

"शस्त्रांची. तुम्हीच काढून ठेवली होती ना?"

डॉक्टर बुटांसकट आत धावले. बैठकीच्या खोलीत पाट मांडलेला, भोवती रांगोळीची वेडीवाकडी रेघ. पाटावर रायफल आडवी, तिला हळदकुंकू, झेंडूची दोन फुलं. आणि समोर ताटलीत काडतुसं, एकेक उभं करून ठेवलेलं, प्रत्येकाला कुंकवाचा टिपका. शेजारी सुमेधाताई हात जोडून बसलेल्या. साडीच्या निऱ्यासुद्धा त्यांनी स्वतःच्या स्वतः केल्या होत्या.

"अहो, आलात? तुमची वाट बघत होते. आरती राहिलीय."

त्या 'तुमची वाट बघत होते'नं त्या माणसाला उभ्या जागी मोडलं. त्या एका प्रश्नाखेरीज चार वर्षांत असं पूर्ण, खणखणीत वाक्य त्यांनी बायकोच्या तोंडून ऐकलं नव्हतं. रागवायचं कुणावर? ते खाली बसले. आरती म्हटली. तिला सगळी कडवी पाठ होती, यांचीच जीभ मध्ये अडखळली.

मग रायफल पुसून कपाटात ठेवली आणि काडतुसं मोजली. नवीन डबा होता, पन्नासाचा. भरली एकोणपन्नास. परत मोजली. एकोणपन्नास! संध्याकाळपर्यंत त्यांनी घर उलटंपालटं केलं. सोफ्याच्या फटी, तांदळाचा डबा, सुमेधाताईंची उशी, कचऱ्याची पिशवी. स्वातीला फोन केला, ती बिचारी रडायलाच लागली. सुमेधाताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, सान्वी शाळेतून आली का?"

गुरुवारी, दसऱ्याच्या दिवशी, पोलिसांच्या बाई बरोबर अकराला आल्या. पन्नाशीच्या, शांत, हातात टॅब्लेट. कपाट बघितलं, भिंतीतले बोल्ट हलवून बघितले. रिव्हॉल्वरचा अर्ज वाचून म्हणाल्या, "कागद ठीक दिसतायत, डॉक्टर. माझी काही हरकत नसेल." मग रायफलचा नंबर ताडायला त्यांनी ती उजेडात धरली आणि थांबल्या. कोरलेल्या आकड्यांत पिवळं काहीतरी भरलेलं होतं.

"हे काय आहे?"

आता बघा. पॉलिश आहे म्हटलं असतं तर भागलं असतं. त्या बाईंना हळद काय कळणार? बुधवार वाचला असता, केनचं रिव्हॉल्वर घरात आलं असतं, ते रिकामं डोकं दर आठवड्याला मिळालं असतं. डॉक्टरांच्या जिभेवर तो शब्द आलाही होता. पण त्यांना पाटावरची ती ताटली दिसली. फक्त या वेळी तिच्यात बावीसची चिमुकली काडतुसं नव्हती, चव्वेचाळीसची बोटाएवढी होती, आणि रायफलच्या जागी ते धूड होतं, आणि त्यांची बायको प्रेमानं त्याच्या चापाला कुंकू लावत होती.

"हळद आहे," ते म्हणाले. "माझ्या बायकोनं लावली. तिला विसरण्याचा आजार आहे, आणि तिला किल्ली सापडली. काल मी घरी नव्हतो. एक काडतूस कमी आहे. मला ते मिळत नाहीये."

एवढं बोलले आणि खुर्चीत बसलेच. बाईही बसल्या. त्या ओरडल्या नाहीत, उलट आवाज खाली आला. रायफल आणि काडतुसं आजच न्यावी लागतील, सर्टिफिकेट बहुधा जाईल, नवा अर्ज तर विसराच, असं त्यांनी सांगितलं. आणि हरवलेलं सापडेपर्यंत घर शोधायला माणसं बोलवावी लागतील, असंही. डॉक्टर प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. थकलेला माणूस अशी मान हलवतो.

तेवढ्यात सुमेधाताई आतून आल्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात स्टीलची ताटली, तीत बागेतल्या लायलॅकच्या झुडपाची पानं. आपटा इथं कुठला मिळायला! लायलॅकचं पान बदामाच्या आकाराचं असतं, म्हणून इतकी वर्षं त्यांच्या घरी तेच सोनं म्हणून वाटत. त्यांनी पाहुणीच्या हातावर एक पान ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." बाई गोंधळल्या, पण पान घेतलं आणि थँक्यू म्हणाल्या.

मग सुमेधाताई नवऱ्याकडे वळल्या. कमरेला खोचलेल्या रुमालाची गाठ सोडली, दुमडलेलं एक पान काढलं, ते त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि वाकून पायांना हात लावला. पान जड लागलं. डॉक्टरांनी उघडलं. आत ते काडतूस होतं, पितळ घासूनपुसून लख्ख केलेलं.

"खरं आहे हं हे," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. त्यांना सांगू नका."

ज्याच्यासाठी त्यांनी काल उशीसुद्धा उसवली होती, ते ती दिवसभर कमरेला बाळगून होती, यांना द्यायला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो हात काढून काडतूस बाईंपुढे धरलं. बाईंनी ते घेतलं, कागदावर पन्नास लिहिलं, आणि का कोण जाणे, डोळे पुसले.

बाई रायफल गाडीत ठेवून निघून गेल्या. डॉक्टरांनी केनला फोन लावला. "नको, केन. घरात ठेवण्याजोगं नाही ते." केननं फार विचारलं नाही. "बुधवारी नुसता चहाला ये मग," म्हणाला. रिकामं कपाट उघडंच होतं. डॉक्टरांनी किल्ली त्याच्याच कुलपात लावून ठेवली, आणि बैठकीच्या खोलीत येऊन सोफ्यावर बायकोशेजारी बसले.

"अहो, पाहुणीनं सोनं नेलं का?" सुमेधाताईंनी विचारलं.

"नेलं."

"सगळं?"

"सगळं," डॉक्टर म्हणाले.

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. थोड्या वेळानं त्यांनी नवऱ्याचा सुजलेला अंगठा हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, आणि हलक्या हातानं चोळायला सुरुवात केली. चोळता चोळता म्हणाल्या, "सान्वी शाळेतून आली का हो?"

भर दुपारी, चपला पायात तशाच ठेवून, डॉक्टर गाढ झोपले होते.