आधी एक ओव्हर सांगा

"आधी एक ओव्हर सांगा, मग गाडी न्या," असं म्हणून काकू स्कूटरच्या सीटवर हाताचा पंजा ठेवत. तो पंजा एकदा पडला की गाडी जागची हलणं शक्य नव्हतं. मॅच संपलेली, दिवसभर ऊन खाऊन डोकं भणभणलेलं, मागे माणसांची रांग खोळंबलेली, आणि काकू मात्र कथेला बसल्यासारख्या शांत.

त्या काळी इंदूरच्या स्टेडियमवर ज्यांनी मॅच पाहिली आहे त्यांना गाडी लावण्याचं दुःख वेगळं सांगायला नको. तिकीट मिळवणं हा अर्धाच पराक्रम असे. पलासियाकडून येणारा रस्ता पोलीस सकाळीच बांबू लावून बंद करत. पहिला हवालदार डावीकडे पाठवी, दुसरा उजवीकडे, आणि तिसरा आपल्यालाच विचारी, "इधर कैसे आ गए?" दोऱ्या बांधून बसलेल्या स्टँडवाल्यांकडे गाडी ठेवावी, तर संध्याकाळी ती स्टेपनीसकट मिळेल याची खात्री नाही. मी पोलोग्राउंड भागातल्या एका लहान कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. स्कूटर हप्त्यांवर घेतलेली, त्यामुळे जीव तिच्यातच. आमच्या कारखान्यातला फिटर कैलाश म्हणाला, "भिया, स्टेडियम के पीछे वाली गली में एक मराठी काकी हैं, उनके आँगन में लगाओ. पर जरा टेढ़ी हैं."

गल्लीच्या टोकाला एक बैठं घर, पुढे कडुनिंबाचं मोठं अंगण. फाटकात काकू उभ्या होत्या. सुती पातळाचा पदर कमरेला खोचलेला आणि हातात कपडे वाळत घालायची काठी. काठीनं त्या जागा दाखवत होत्या.

"हँडल लॉक नको करू रे भिया, खिसकवावी लागते. पाण्याची बाटली, छत्री, डबा सगळं इथे ओट्यावर ठेव. आत घेऊन जाऊ देत नाहीत ते लोक. आणि मॅच नीट बघ हां, नुसता हल्लागुल्ला नको करू."

त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ संध्याकाळी कळला. कैलाश आणि मी गाडी काढायला गेलो, तर सीटवर पंजा.

"अरे काकीजी, क्या बताएँ, मजा आ गिया!" कैलाश म्हणाला.

"मजा तुझ्या घरी सांग. मला ओव्हर सांग. पहिला बॉल कुठे पडला?"

कैलाशनं माझ्याकडे पाहिलं. मी आठवून आठवून सांगायला लागलो. "मोठ्यानं सांग रे, मला कमी ऐकू येतं," काकू म्हणाल्या. मी आवाज चढवला. प्रत्येक बॉलनंतर त्या "आणि मग?" म्हणत. फलंदाज बोल्ड झाला असं मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "अगं बाई! लागलं का त्याला?"

क्रिकेटमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. तरीही सहा बॉल पुरे झाल्याशिवाय पंजा उचलला गेला नाही. मी सांगत होतो तेवढ्यात अंगणाच्या पार मागच्या कोपऱ्यात कोणीतरी एक मोपेड हळूच स्टँडवरून काढली, तर काकूंनी खट् ऐकताच वळून आवाज दिला, "ए निळा शर्ट! ती तुझी नाही, तुझी उधर आहे!" कमी ऐकू येणाऱ्या बाईचे हे कान पाहून मी चाटच पडलो. तुम्हीही पडला असता.

पुढच्या मॅचला मी मुद्दाम लवकर गेलो. अंगण रिकामं होतं. काकूंनी ओट्यावर चहा दिला. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला तर चांगलं ऐकू येतं."

त्यांनी ओट्यामागच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकी अर्धी उघडी होती, पडदा ओढलेला. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आमचे हे आत आहेत. मिलमध्ये हेडक्लार्क होते. मिल बंद झाली, भोंगा बंद झाला, आणि हेही बंद झाले. जेवायला वाढलं की जेवतात, बस. बाहेर येत नाहीत. लोक विचारतील ना, आता क्या कर रहे हो, म्हणून."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. ताकदीची गोळी दिली." काकूंनी कप खाली ठेवला. "मिलच्या मैदानावर रविवारी मॅचेस व्हायच्या, तिथे हे अंपायर असायचे. पांढरा कोट मीच धुवायची. आता रेडिओसुद्धा लावत नाहीत. म्हणून मी हे स्टँड लावलं बघ. घरात चार पैसे लागतात ते तर आहेच. पण मागे एकदा कोणी दोघं जण ओट्याशी उभं राहून मॅचचं बोलत होते, तेव्हा आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला मला. खिडकीजवळ सरकली. मी काही सांगितलं तर ते ऐकायचे नाहीत, माझं क्रिकेट त्यांना माहीत आहे. तुम्ही सांगता ते ऐकतात." मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तर मोठ्यानं सांगत जा!"

तेव्हापासून मॅच बघताना मी एक ओव्हर काकूंसाठी बाजूला काढून ठेवायला लागलो. साधीसुधी नाही, जिच्यात काही घडलं आहे अशी. कोण कुठे उभा होता, कोणी टोपी काढली, कोणत्या बॉलला पब्लिक उठलं, सगळं लक्षात ठेवायचं. खरं सांगायचं तर त्या बाईमुळेच मी मॅच बघायला शिकलो. एरवी आपण स्टेडियमवर जातो ते ओरडायला आणि शेव खायला. माझ्यासारखेच आणखी काही जण तयार झाले होते. संध्याकाळी त्या अंगणात असा काही गजर चाले की गल्लीतले लोक टीव्ही सोडून कुंपणाशी येत. खिडकीतून मात्र काही येत नसे. काकू प्रत्येक ओव्हर संपल्यावर क्षणभर तिकडे कान देत आणि मग पंजा उचलत.

पलासियाचे एक दातांचे डॉक्टर नेहमी येत. भला माणूस, पण मॅचला येऊन झोपायचा. एकदा ते मांडवाच्या सावलीत दुपारभर घोरले आणि संध्याकाळी सीटवर पंजा पडल्यावर त्यांची पंचाईत झाली. त्यांनी बेधडक एक ओव्हर रचली. पहिल्या बॉलला चौका, दुसऱ्याला अपील, तिसऱ्याला कॅच सुटला. डॉक्टरांना रंग चढला. पुढे आणखी एक चौका, एक धाव, एक बॉल नुसता सोडून दिला. आम्ही हसू दाबत ऐकत होतो. "आणि मग?" काकू म्हणाल्या. "आणि मग, काकीजी, ऐसा छक्का मारा, की बॉल सीधा रोड पे!"

"सात झाले."

आवाज खिडकीतून आला होता. बारीक, खरखरीत, पुष्कळ दिवस न वापरलेला. डॉक्टर तोंड उघडं ठेवून उभे. पडदा थोडा हलला आणि तोच आवाज पुन्हा आला, "ओव्हरमध्ये सहा बॉल असतात. एखादा नो-बॉल होता का?"

"न... नहीं भाईसाब," डॉक्टर म्हणाले.

"मग तो सिक्सर कापा."

आम्ही सगळे जोरात हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांचा हात सीटवरून केव्हाच गळून पडला होता. त्या फाटकाकडे वळल्या आणि उगाचच दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधत बसल्या. त्या दिवशी सगळ्यांच्या गाड्या ओव्हर न सांगता गेल्या. मला स्कूटर चालवत घरी जाताना रडू आलं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

पुढच्या वेळी काका उंबरठ्यावर खुर्ची टाकून बसले होते, त्याच्या पुढच्या वेळी ओट्यावर. मग तेच फाटकात उभे राहून अंपायरसारखे हात करून गाड्या लावू लागले. दोन्ही हात आडवे पसरले की वाइड, म्हणजे गाडी भिंतीपासून फार दूर लागली. दोन्ही हात वर म्हणजे जागा संपली. मिल काही उघडली नाही. तिथली यंत्रं भंगारात निघाल्याची बातमी आली तेव्हा काका दिवसभर गप्प होते, पण ओट्यावर बसून गप्प होते. काकू मला म्हणाल्या, "आता इतकं बोलतात रे, डोकं खातात माझं. लेग बिफोर काय असतं ते रोज समजावतात. मला नाही समजत आणि मी समजूनही घेत नाही. समजलं की बोलणं संपेल ना."

मग दिवस पालटले. स्कूटरी गेल्या, मोटारसायकली आल्या, नंतर मोटारी आल्या आणि त्या गल्लीत शिरेनात. विजय नगरला जिथे नुसते प्लॉट होते तिथे आमचाही फ्लॅट झाला. घरोघरी रंगीत टीव्हीवर एकच बॉल चार वेळा दिसू लागला, त्यामुळे कोणी कोणाला ओव्हर सांगण्याचं कारण उरलं नाही. मोठ्या मॅचेस आता दुसऱ्या मैदानावर जाणार असं पेपरात आलं. जुन्या स्टेडियमवरच्या शेवटच्या मॅचला मी हट्टानं मोटारसायकल काढून गेलो.

फाटकात काका एकटेच होते. काठी त्यांच्या हातात होती. मी ओट्याकडे पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "पावसाळ्यात गेली. तापाचं निमित्त झालं." आणि हात करून मला जागा दाखवली.

संध्याकाळी परत आलो तेव्हा अंगणात फारशा गाड्या नव्हत्या. काकांनी काही न विचारता दोरी सोडली. मी मोटारसायकल स्टँडवरून काढली, पण पाय निघेना. सवयीनं एक ओव्हर मी बाजूला काढून ठेवली होती. तिचं आता काय करायचं? मी सांगायला लागलो. पहिला बॉल ऑफस्टंपच्या बाहेर होता, फलंदाजानं सोडून दिला. दुसऱ्या बॉलला माझा आवाज बसला.

काकांनी पुढे येऊन माझ्या सीटवर पंजा ठेवला.

"मोठ्यानं सांग," ते म्हणाले. "कमी ऐकू येतं."

कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मागची खिडकी उघडी होती. मी तिकडे तोंड केलं आणि पहिल्या बॉलपासून पुन्हा सुरुवात केली.