सर्व्हरची पूजा

वराळ्याजवळच्या एका कारखान्यात मी डेटाबेस सांभाळायची नोकरी करत होते. गाड्यांचे सुटे भाग बनवून ट्रकनं बाहेर पाठवायचे, असं तिथलं काम. कुठला भाग कधी बनला, कुठल्या पेटीत गेला, कुठल्या ट्रकमध्ये चढला, सगळ्याच्या नोंदी वर्षानुवर्षं त्या एकाच डेटाबेसमध्ये साठत गेलेल्या. मी रोज लोणावळ्याहून जायचे.

त्या वर्षी डेटाबेस इतका मंदावला, की ट्रक भरून उभा असायचा आणि गेटपास काही छापून यायचा नाही. डिस्पॅच बघणारे भाऊ शेजारच्याच गावचे, निवृत्तीला टेकलेले. ते माझ्या टेबलाशी येऊन शांतपणे सांगत, "ताई, डायवर लोकांचा दुसरा च्या झाला." ते चिडले असते तर मला जास्त बरं वाटलं असतं.

मला येत होतं ते सगळं मी केलं. सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारले जाणारे प्रश्न, शोधून काढल्या, नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून इंडेक्स टाकले, जुन्या नोंदी दुसऱ्या तक्त्यात हलवल्या, मेमरी वाढवून घेतली. प्रत्येक वेळी अर्धा दिवस सुधारणा दिसायची आणि जेवणानंतर पुन्हा रखडपट्टी. कारखान्याचे प्रमुख, म्हणजे आमचे साहेब, रोज प्रगती विचारायचे. मी त्यांना आलेख दाखवायचे. ते चष्मा वर करून बघायचे आणि रंग छान आहेत म्हणायचे.

खंडेनवमीला कारखान्यातल्या यंत्रांची पूजा असते. यंदा डेटाबेस ज्यावर चालतो त्या सर्व्हरचीही करू, असं भाऊंनी सुचवलं आणि साहेबांनी ते ताबडतोब उचलून धरलं. सर्व्हरचे पंखे हळदकुंकू आत ओढून घेतील, असं मी बजावलं. बरीच घासाघीस झाली. हार सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला बाहेरून, उदबत्ती खोलीबाहेर आणि नारळ थेट गेटपाशी फोडायचा, यावर तडजोड झाली.

आरती झाली. माल भरलेला एक ट्रक थांबलेला होता, म्हणून भाऊंनी त्याचा गेटपास काढायला घेतला. बटण दाबल्याबरोबर तो छापून आला. भाऊंना खरं वाटेना. त्यांनी दुसऱ्या ट्रकचा काढला. तोही आला. मग सगळ्यांनी पुन्हा एकदा कपाटाला नमस्कार केला, साहेबांनीही. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मीही केला.

टेबलाशी येऊन मी तपासायला बसले. कालपर्यंत धापा टाकणारी डिस्क निवांत होती. चालू क्वेरींच्या यादीतून एक गायब होती. ती जेमतेम दोन सेकंद घ्यायची, म्हणून मी तिच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. पण ती दिवसभर, एक संपली की लगेच दुसरी, अशी धावत असायची आणि दर वेळी पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या पेट्या मोजायची. ती गेटवरच्या कॉम्प्युटरवरून येत होती.

मी गेटवर गेले. तिथं त्या कॉम्प्युटरला जोडून साहेबांनी हौसेनं एक मोठा टीव्ही लावला होता. आज किती पेट्या गेल्या, तो आकडा त्यावर सतत बदलता दिसायचा. आता टीव्ही काळा होता. सिक्युरिटीवाल्यानं ओशाळून सांगितलं की प्लगचा बोर्ड एकच आहे, पूजेसाठी लायटिंगची माळ लावायला त्यानं कॉम्प्युटरची पिन काढली. टीव्ही बघतं कोण, असं मी विचारलं. साहेब येता-जाता बघतात आणि बाकी वेळ तो स्वतः बघतो, असं कळलं.

साहेबांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या टीव्हीमुळं?"

टीव्हीचा दोष नाही, आजचा आकडा काढायला तो सगळी वर्षं उपसतो, असं मी समजावलं. त्यांनी जरा विचार केला आणि मग पूजेचा यात काहीच भाग नाही का, असं विचारलं. भाऊ प्रसादाचं ताट घेऊन बाजूलाच उभे होते.

"आसं कसं?" ते म्हणाले. "पूजा नसती तर माळ कुनी लावली आसती? आन माळ नसती तर पिन कुनी काढली आसती?"

मी पेढा घेतला.

नंतर मी ती क्वेरी फक्त आजच्या पेट्या मोजेल अशी बदलली, आणि तीही अधूनमधूनच. साहेब टीव्हीसमोर उभे राहून आकडा हलायची वाट बघायचे आणि कंटाळून आत जायचे. पण ट्रक वेळेवर सुटत होते, त्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही.

पुढं मुख्य कार्यालयातून विचारणा झाली, की डेटाबेस सुधारायचं हेच काम कंपनीच्या चाकणच्या कारखान्यात करता येईल का. साहेबांनी गाडी दिली. मी लॅपटॉप घेऊन मागं बसले. पुढच्या सीटवर, मांडीवर नारळ घेऊन, भाऊ बसले होते.